सीपीयूत पडून राहिलेले लोकांचे कागद

गेल्या चवथीच्या आधीची गोष्ट. जवळच्याच एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारा एक ओळखीचा माणूस आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या दुकानात जुना सीपीयू घेऊन आला, म्हणाला नवीन मशीन घेतलंय, ह्याला फॉर्मॅट मार, भाच्याला द्यायचाय, कॉलेजला जातोय तो आता. मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर रिपेअरीचंच काम करतो, फॉर्मॅट मारण्याआधी आत काय आहे ते गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचं आणि हवं ते काढून घ्या म्हणायचं हा माझा नेम. तो म्हणाला काही नकोय रे, सगळं फालतू आहे, उडव. तरी मी त्याच्यासमोरच मशीन चालू केलं. पासवर्ड नाही, सरळ डेस्कटॉप आला. डाउनलोड्सचा फोल्डर उघडला आणि खालच्या कोपऱ्यात आकडा दिसला, ९,४०० च्या वर फायली.

वर-खाली करत गेलो. आधार, आधार, आधार, मग पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे हयातीचे दाखले, गृह आधार योजनेचे फॉर्म, १५ वर्षांच्या वास्तव्याचे दाखले, एका बाईचा सोनोग्राफी रिपोर्ट, कुणा नवरा-बायकोच्या कोर्टकेसचे कागद, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सेल डीड, आणि एका घरचे पोर्तुगीज काळातले हाताने लिहिलेले कागद, पान न् पान स्कॅन केलेलं. सहा वर्षांत त्या गावात ज्या ज्या घराला सरकारदरबारी कागद लागला ते ते घर त्या फोल्डरमध्ये होतं. क्रोम उघडलं तर कुणाचा तरी जीमेल तसाच लॉगिन. आणि हे सगळं आठ दिवसांत कॉलेजच्या एका पोराच्या खोलीत जाणार होतं, तिथून कुठे गेलं असतं कोण सांगणार.

माणूस वाईट नाही हो, उलट भला आहे, म्हाताऱ्या माणसांकडून फॉर्मचे पैसे पण घेत नाही कधी कधी. तो घाबरलाच. लगेच सगळं सिलेक्ट करून डिलीट केलं, रिसायकल बिन पण रिकामा केला, म्हणाला झालं ना आता. मी पेनड्राइव्हवरून एक फुकट मिळणारं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. जुनी फिरती हार्ड डिस्क, तिच्यावर डिलीट केलं म्हणजे फाइल पुसली जातच नाही, अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलं जातं, धडा पुस्तकात तसाच राहतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. दहा मिनिटांत फायली परत यायला लागल्या. पहिली उघडली ते एका म्हाताऱ्या बाईचं आधार, केसांत फुलं माळलेली, डोळे अर्धे मिटलेले. तो बघतच राहिला, म्हणाला ही आमची शेजारीण, गेल्या वर्षी वारली. आणि मग हळू आवाजात, "आतां कितें करूं?"

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळं बोलणं माझा पासवर्ड, माझे फोटो, माझं बँक खातं एवढ्यातच फिरतं. पेपरातले सल्ले पण तसेच, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, बस. पण आपल्याकडे बहुतेकांचे कागद स्वतःच्या कॉम्प्युटरवर नसतातच, अर्ध्या लोकांकडे कॉम्प्युटरच नाही, त्यांचे कागद दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याच्या मशीनवर दुसऱ्याचे कागद आहेत त्याने ते मशीन सांभाळायचं की नाही ही त्याची खाजगी मर्जी राहत नाही. ती ठेव आहे. शेजारी चार दिवस गावाला जाताना घराची चावी आपल्याकडे देऊन गेला तर ती सोप्यावर टाकून आपण बाजारात जात नाही, आणि गेलोच आणि चोरी झाली तर शेजाऱ्याला "तू चावी दिलीसच कशाला" असंही विचारत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच विचारतो.

आणि हे फक्त झेरॉक्सवाल्यांचं नाही. सीएच्या ऑफिसात तुमचं पॅन आणि इन्कम टॅक्सचा पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये लिहिलेला असतो, सगळ्या गिऱ्हाइकांचे एकाच शीटमध्ये, आणि ती शीट ऑफिसातल्या चारही मशीनवर शेअर केलेली. वकिलाकडे जमिनीचे कागद. डॉक्टरच्या रिसेप्शनवर रिपोर्ट. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसमध्ये परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (सी फॉर्म म्हणायचे तो) भरावा लागतो, त्याच्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो काढले जातात ते काउंटरवरच्या लॅपटॉपमध्ये सीझनमागून सीझन पडून असतात, आणि त्याच लॅपटॉपवर रात्री ड्युटीवरचा मुलगा फुकटचे पिक्चर डाउनलोड करतो. भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म घरमालकाच्या मशीनवर. मग पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या नोंदणीची कामं करणारे एजंट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मार्ग आहे, म्हणून तीन तीन पिढ्यांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, सगळं कुटुंबच्या कुटुंब एका फोल्डरमध्ये घालून लोक एजंटच्या स्वाधीन करतात.

गोव्यात ह्या कागदांचं वजन जास्त आहे, कारण इथे कागद म्हणजे जमीन. मूळ मालक वारलेले किंवा घर बंद करून परदेशी गेलेले, अशांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तऐवजांवर लाटल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली आणि मग मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोग. ते घोटाळे कुठल्या ऑनलाइन सेंटरच्या कॉम्प्युटरवरून झाले असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की ज्या राज्यात एका जुन्या सहीवर, एका वारसाच्या नावावर आख्खं भाट, म्हणजे बागायत, दुसऱ्याचं होऊ शकतं, त्या राज्यात सही, नाव, वारस, सर्व्हे नंबर आणि घरात आता कोणी राहत नाही ही माहिती, हे सगळं एकाच फोल्डरमध्ये उघडं पडलेलं असणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं आहे. खोटा कागद करायला आधी खरा कागद बघावा लागतो.

लोक म्हणतात आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे, गरीब माणसं आम्ही. मला हे वाक्य ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण हे बोलतात ती माणसं संध्याकाळी दिवा लागला की पडदा ओढतात, पोरीचं स्थळ पक्कं होईपर्यंत शेजारी बोलत नाहीत, दुखणं चार घरांना कळू देत नाहीत. झाकून ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे हे त्यांना घराच्या बाबतीत बरोबर कळतं. त्या सोनोग्राफीवाल्या बाईने काय गुन्हा केला होता? तिला प्रिंट हवी होती एवढंच. तिने रिपोर्ट दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअॅप केला, दहा रुपये दिले आणि गेली, तिच्या मते काम संपलं. कॉम्प्युटरच्या मते संपलं नाही, कारण कॉम्प्युटर आपणहून काही विसरत नाही, त्याला विसरायला सांगावं लागतं.

आता आधारची पीडीएफ घ्या. तिला पासवर्ड असतो म्हणून लोक निश्चिंत असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष, आणि नाव, जन्मतारीख दोन्ही त्याच्याच शेजारी पडलेल्या पॅनच्या फोटोवर छापलेलं असतं. मे २०२२ मध्ये आधारच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढलेलं, की सायबर कॅफेसारख्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करू नका, केलंच तर सगळ्या कॉपी कायमच्या डिलीट करा, आणि झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून, आणि सांगितलं की नेहमीची खबरदारी घ्या म्हणजे झालं. माझ्या मते त्या पत्रकातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मागे घेतलं तिथेच चूक झाली, कारण नेहमीची खबरदारी म्हणजे काय हे वाळपईच्या किंवा काणकोणच्या म्हाताऱ्या माणसाला कोण सांगणार? मास्क्ड आधारची सोय आजही आहे, वेबसाइटवरून डाउनलोड करताना एक टिक करायची असते. पण ते घेऊन काउंटरवर गेलात तर बऱ्याच ठिकाणी क्लार्क म्हणतो हे चालणार नाही, पूर्ण नंबरवाला आणा. मग माणूस काय भांडत बसणार, तो आणतो.

दुसरी गोष्ट मला माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलावीशी वाटते आणि ती कडू आहे. गिऱ्हाईक म्हणतं विंडोज टाकून दे, आणि आमच्यातले कितीतरी जण क्रॅक, म्हणजे लायसन्स नसलेली चोरीची कॉपी, टाकून देतात, पाचशे रुपयात काम होतं. तो अॅक्टिव्हेट करणारा प्रोग्रॅम चालवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतो तो बंद करतात आणि पुन्हा चालू करायचा विसरतात, किंवा मुद्दाम बंद ठेवतात नाहीतर तो क्रॅकच उडवतो. अपडेट पण बंद. म्हणजे घराला कुलूप लावण्यासाठी बोलावलेला माणूस मागचं दार काढून ठेवून जातो, आणि ते दार कोणासाठी काढलं हे त्यालाही माहीत नसतं, कारण तो प्रोग्रॅम कोणी बनवला हे त्याने कधी बघितलेलं नाही. अशा मशीनवर मग बँकेचं काम, गावाचे फॉर्म. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलंय, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून, आणि ते चुकीचं होतं. आता मी सरळ सांगतो, पैसे असतील तर लायसन्स घ्या, नसतील तर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून देतो, फॉर्म भरायला, प्रिंट काढायला, बँकेची साइट उघडायला त्यातलं उबंटू किंवा मिंट भरपूर झालं. प्रिंटरचा ड्रायव्हर आधी तपासावा लागतो, आणि डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल तर तोही, बाकी चालतं.

अपडेट बंद ठेवल्याने काय होतं ते २०१७ मध्ये जगाने बघितलं. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं भोक बुजवणारा पॅच दिला होता, मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा फायली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, म्हणजे रॅन्समवेअर, आला, आणि ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत अपडेट केलं नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांची ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. लांबचं कशाला, जून २०२२ मध्ये आपल्याच जलस्रोत खात्याच्या पूर देखरेख यंत्रणेवर रॅन्समवेअर आला. नद्यांवरच्या १५ स्टेशनांवरून पाण्याच्या पातळीचा डेटा येतो ती यंत्रणा, पावसाळा नुकता सुरू झालेला, फायली लॉक आणि खंडणी बिटकॉइनमध्ये. खात्याने पोलिसांत तक्रार दिली तिच्यात कारण पण दिलं होतं, अँटिव्हायरस नाही, फायरवॉल जुनी, आणि इंटरनेट चोवीस तास चालू. हे वाचून मला धक्का नाही बसला, मला ते मशीन डोळ्यांसमोर दिसलं, कारण तसलीच मशीन रोज माझ्या टेबलावर असतात. रॅन्समवेअरवर इलाज एकच, फायलींची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क कॉपी करून झाली की काढून कपाटात. मशीनला लावून ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, मशीनबरोबर तोही लॉक होतो, हे मी दरवेळी सांगतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी रडवेला चेहरा करून तशीच डिस्क घेऊन येतो.

आता नवीन संकट उभं आहे ते विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे नवीन भोक सापडलं तर ते आता आपोआप बुजवलं जाणार नाही, नाव नोंदवून एक वर्षाची मुदतवाढ मिळते ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तिची माहिती कितीजणांना आहे? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन बाद. गावागावातल्या सेंटरांत, शाळांत, पंचायतीत जी मशीन आहेत ती कुठल्या सालची आहेत हे कोणी मोजतंय का? मला वाटतं हे सरकारने मोजायला हवं, आणि जी मशीन विंडोज ११ घेऊ शकत नाहीत ती भंगारात न घालता त्यांच्यावर लिनक्स टाकून द्यायला हवा. गोव्याला हे काही नवीन नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परदेशातल्या गोंयकारांच्या पुढाकाराने जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून इथल्या शाळांना देण्याचं काम झालं होतं, आणि त्यातल्या कितीतरी मशीनवर लिनक्सच होतं. मुलं शिकली की त्याच्यावर.

नवीन लॅपटॉप घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, तिथे उलटी तऱ्हा असते. नवीन विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे आतलं सगळं कुलूपबंद ठेवणं, बऱ्याचदा आपोआप चालू होतं, चांगली गोष्ट आहे, लॅपटॉप बसमध्ये विसरला तरी आतलं कोणाला वाचता येत नाही. पण तिची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाते आणि ते अकाउंट विकणाऱ्याने घाईत दुकानातच बनवून दिलेलं असतं, कुठल्यातरी ईमेलवर, कागदावर काही लिहून न देता. मग एक दिवस बायोस अपडेट होतो, निळा स्क्रीन येतो, ती रिकव्हरी की मागतो, आणि बी.एड.ची एक मुलगी माझ्या समोरच्या स्टुलावर बसून विचारते, माझा प्रोजेक्ट परत मिळेल ना. ती की नसेल तर नाही मिळत, मी काय, कोणीच नाही देऊ शकत, त्याचसाठी ते बनवलंय. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायली वनड्राइव्हवर चढतायत हे पण कितीतरी जणांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. सुरक्षेचं कुलूप माणसाला समजावून न देता लावलं तर तो माणूसच बाहेर अडकतो, आणि पुढच्या वेळी तो येऊन म्हणतो सगळं बंद करून दे बाबा, मला नको ती सिक्युरिटी. त्याचा राग मला समजतो. नवीन मशीन घेतलं की पहिल्या दिवशी ती की छापून सेल डीडच्या फाइलीत ठेवा, एवढं केलं तरी पुरे.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यात साफ लिहिलंय, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झालं की ती पुसायची, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. आता २५० कोटींचा आकडा ऐकून गावातला झेरॉक्सवाला हसेल, आणि त्याचं बरोबर आहे, तो आकडा त्याच्यासाठी नाहीच. पण पुसायची जबाबदारी त्याच्यावरही येणार आहे आणि ती कशी पार पाडायची हे त्याला कोणीही सांगितलेलं नाही. उद्या कुठलातरी इन्स्पेक्टर येऊन त्यालाच धरेल, आणि ज्या खात्यांनी ते कागद मागितले त्यांना कोणी काही विचारणार नाही, ही मला खरी भीती आहे.

कारण दोष मुळात वरून खाली आलाय. सरकारने सेवा ऑनलाइन केल्या, पण ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याच्यासाठी खात्यात माणूस बसवला नाही. ते काम गावातल्या दुकानदाराने वीस-पन्नास रुपयात उचललं, तो नसता तर अर्ध्या म्हाताऱ्यांचे पैसे अडकले असते, त्याचे उपकारच आहेत. त्याच्यावर नुसती सक्ती करून चालणार नाही. आणि एकच कागद दहा वेळा का मागता? दयानंदसाठी आधार, मग तीच बाई दुसऱ्या योजनेला गेली की पुन्हा आधार, पुन्हा पासबुक, पुन्हा फोटो, घरं नियमित करण्याच्या 'म्हजें घर' योजनेचे फॉर्म निघाले तेव्हा घराचे सगळे कागद घेऊन दुकानांसमोर लायनी. प्रत्येक वेळी एक नवीन कॉपी कुठल्यातरी डाउनलोड्समध्ये. मागणं कमी झालं तर सांडणं कमी होईल, इतकं ते सोपं आहे.

काहीजण मला म्हणतात, अरे आधारचा डेटा तर आधीच सगळीकडे फुटलाय, मोठमोठ्या कंपन्या आपलं सगळं जाणतात, तू झेरॉक्सवाल्याच्या डाउनलोड्सच्या मागे काय लागलायस. मोठ्या कंपन्यांबद्दल मलाही राग आहे. पण दूरच्या कंपनीला तुमच्या गावातलं बंद घर कोणतं हे ठाऊक असून ती येऊन तुमचा आंबा-काजू लाटणार नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट कंपनीने बघितला तर ती जाहिरात दाखवील, वाड्यावरच्या कुणी बघितला तर त्या बाईला देवळात जायची चोरी होईल. जवळच्या माणसाला कळणं हे जास्त लागतं.

त्या दुकानदाराचं काय झालं ते सांगतो. त्या जुन्या डिस्कला मी क्विक नाही, पूर्ण फॉर्मॅट मारला, त्यात डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली जातात, दोनेक तास लागले, तो चहा पिऊन येऊन बसून राहिला. मग तेच रिकव्हरी सॉफ्टवेअर परत चालवून दाखवलं, काही आलं नाही. (एसएसडी असेल तर हे वेगळं, तिथे रिसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडायचा.) नंतर त्याच्या दुकानात जाऊन नवीन मशीनवर बसलो. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, त्यात स्टोरेज सेन्स म्हणून आहे, डाउनलोड्स किती दिवसांनी पुसायचं ते विचारतं, मुळात 'कधीच नाही' असतं, ते एक दिवस केलं. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्ड किंवा रिकव्हरी की नसलेल्याला पुसलेलं परत काढणंही अवघड. त्याच्यासाठी एक अकाउंट आणि गिऱ्हाइकांचं काम करायला वेगळं साधं अकाउंट, ज्याच्यातून सहजासहजी काही इन्स्टॉल होत नाही. लोकांचे ईमेल उघडायचे तर ब्राउझरची गेस्ट विंडो, बंद केली की लॉगिन गेलं. खुर्चीतून उठताना विंडोजचं बटण आणि एल. व्हॉट्सअॅपवर कागद घ्यायचे तर त्या चॅटला २४ तासांत मेसेज गायब होण्याची सोय लावली, आणि फोनमध्ये फायली आपोआप सेव्ह होत होत्या ते बंद केलं. सगळं मिळून दीड तास. पैसे लागले शून्य.

त्याने स्वतःहून एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. काउंटरवर कागदावर लिहून लावलं, "प्रिंट झाल्यावर फाइल तुमच्यासमोर पुसली जाईल, बघून जा." म्हणतो पहिल्या आठवड्यात कोणी बघितलं नाही, आता बायका थांबून बघतात, आणि पलीकडच्या दुकानातून चार गिऱ्हाइकं इकडे आलीत.

ह्याच्यावरून मी आमच्या पंचायतीला लेखी दिलंय. ऑनलाइन कामाच्या दुकानांना परवाना देताना किंवा नूतनीकरण करताना ही पाटी आणि रोज पुसण्याची अट घालावी, त्याआधी पंचायतीच्याच खर्चाने त्यांना एक दिवस शिकवावं, शिकवायला मी फुकट यायला तयार आहे. मशीन विकताना किंवा भंगारात देताना डिस्क पूर्ण पुसल्याची नोंद वहीत ठेवावी, आणि ही अट पंचायतीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरांना सगळ्यात आधी लागू असावी. मामलेदार कार्यालयाला आणि समाजकल्याण खात्याला ठराव पाठवावा की मास्क्ड आधार नाकारू नका आणि एकदा दिलेला कागद परत मागू नका. सचिवांनी अर्ज ठेवून घेतला, इनवर्ड नंबर दिलाय. ग्रामसभा येत्या रविवारी साडेदहाला आहे.